घारकड्यावर पाहण्यासारखं काही नाही

उंबरपाड्यात म्हणतात की पोश्या वारघडे आपल्या सावलीलासुद्धा आधी गाव विचारतो आणि मगच तिला बरोबर चालू देतो. वय साठीच्या पुढं, अंगकाठी कारवीच्या काठीसारखी, आणि डोळे कायम थोडे बारीक केलेले, मग ऊन असो वा नसो. पोशेरा गावाच्या पुढं डांबर संपून खडी लागते, खडी संपून नुसती हिंमत लागते, तिथं त्याचा पाडा आहे.

आरोग्य केंद्रानं घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, तेव्हा सगळ्यांनी त्या बांधल्या आणि झोपले. पोश्यानं आपल्या मच्छरदाणीत आधी शेळी झोपवली. शेळी सकाळी टवटवीत बाहेर आली, पण पोश्याचं म्हणणं पडलं की असल्या गोष्टी एका रात्रीत कळत नाहीत. पंधरा दिवस शेळी आत आणि पोश्या बाहेर डास मारत, असा तो कार्यक्रम चालला. शेवटी त्याची बायको चैती शेळीला बाहेर काढून स्वतः आत झोपली, तेव्हा तपासणी संपली.

हा संशय त्यानं हौसेनं पाळलेला नव्हता. वावर-वांगणीकडे कुपोषणानं मुलं दगावली त्या साली तो तिशीचा होता. नंतर जीपगाड्यांची रांग लागली आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वही होती. माणसं विचारून गेली, लिहून गेली. लिहिलेलं पुढं कुठं गेलं, ते सांगायला मात्र कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून वहीवाला माणूस दिसला की पोश्याचे डोळे आणखी बारीक होत.

आणि एका श्रावणात जव्हारहून जीप आली. आतून हेमंत सर उतरले. हेमंत सर म्हणजे नियोजनाच्या कार्यालयातले कारकून. त्यांचा बाप नांगर धरणाराच, पण मुलगा शिकला आणि पँटीला इस्त्री आली. त्यांच्या हातात वही नव्हती, मोबाईल होता. पोश्याला ते वहीहून वाईट वाटलं. वहीत काय लिहितात ते निदान वाकून बघता येतं.

हेमंत सरांनी पारावर बसून समजावलं. तालुक्याचा नवा आराखडा होतो आहे. कुठल्या कड्यावरून, कुठल्या पठारावरून छान देखावा दिसतो, त्याची यादी करायची आहे. यादीत आलेल्या जागेवर पुढं कोणी हॉटेल, बंगला, काही उभं करू शकणार नाही. उंबरपाड्याच्या घारकड्याचं नाव बरंच ऐकलं आहे, तेव्हा कोणीतरी चला दाखवायला.

पाड्यातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. पोश्या मात्र लगेच उठला, आणि तिथंच चैतीच्या मनात पाल चुकचुकली. सरकारी माणसाबरोबर आपण होऊन चालायला निघालेला पोश्या तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्याचा हिशेब सरळ होता. घारकड्याच्या माथ्यावर पठार आणि पठाराला लागून खाली उतरणारी वरकस, हलक्या मातीची जमीन. पाड्यातली सहा घरं पिढ्यान्पिढ्या त्या उतारावर नागली पिकवतात. पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली तेलाची खुरासणी, आणि मग त्या तुकड्याला तीन वर्षं विसावा. तोवर शेजारचा तुकडा उघडायचा. चैतीच्या तव्यावरची भाकरी त्या उतारावरून येते. सरकारला एखादी जागा सुंदर वाटली की ती आपल्याकडे राहत नाही, अशी पोश्याची पक्की समजूत होती. तेव्हा ती सुंदर वाटता कामा नये.

आता घारकड्यावर श्रावणात सकाळी धुकं बसतं आणि जेवणवेळेला उठतं. ही वेळ पोश्याला जावयाच्या येण्याजाण्याहून पक्की ठाऊक होती. त्यानं हेमंत सरांना साडेआठलाच कड्यावर नेऊन उभं केलं. समोर पांढरंशुभ्र. हेमंत सरांना स्वतःचे बूटही अंदाजानं दिसत होते.

"काका, इथून दिसतं काय?"

"हे काय, दिसतंय ना."

"धुकं दिसतंय."

"तेच. बारा महिने हेच."

हेमंत सर थांबायला तयार होते. पण पोश्यानं आभाळाकडे बघून मान हलवली, नाल्याला पाणी चढेल म्हणाला, मागच्या साली एक जीप दोन दिवस अडकली होती म्हणाला, आणि त्या जीपमधल्या साहेबाला जळवांनी कसं खाल्लं त्याचं बैजवार वर्णन केलं. असा साहेब कधी आलाच नव्हता. हेमंत सरांनी खिशातून कागद काढून घाईघाईनं जबाब लिहिला, 'सदर ठिकाणी पाहण्यासारखे काहीही नाही', पोश्याला वाचून दाखवला, आणि खाली त्याची सही घेतली. दहाच्या आत जीप परत.

साडेबाराला धुकं उठलं. खाली नदीचं वळण, पलीकडे डोंगरावर डोंगर आणि त्यांच्यावरून सुटलेल्या पाण्याच्या धारा, सगळं जागच्या जागी. पोश्यानं ते एकवार मोजून घेतल्यासारखं पाहिलं आणि तो खुशीत घरी आला. चार दिवस तो ज्याला त्याला सांगत होता की सरकारला कसं रिकामं परत पाठवलं.

आराखड्याचा मसुदा भाद्रपदातच लागला. सरकारी काम इतक्या लवकर झालं, याचाच पोश्याला पहिला संशय आला. त्याची पोरगी रविना ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिनं नकाशाची छापील प्रत घरी आणली आणि ओट्यावर पसरली. पोश्यानं आधी कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं.

रविनानं वाचून दाखवलं. जपायच्या देखाव्यांची यादी होती आणि त्यांना हिरवा रंग होता. दाभोशाचा धबधबा होता, ते ठीक. पण पलीकडच्या पाड्याचा ओहोळसुद्धा होता, ज्यात पोश्याच्या मते म्हशीला नीट लोळताही येत नाही. घारकडा नव्हता. घारकड्याच्या पठाराला पिवळा रंग होता.

"पिवळा म्हणजे?"

"पर्यटन सुविधा," रविना म्हणाली. "हॉटेलं, तंबू, गाड्यांचा तळ. कड्यावर जपण्यासारखं काही नाही म्हटल्यावर त्यांनी ती जागा त्याला ठेवली, बा. आणि उताराला तर त्यांनी पडीक लिहिलंय."

पोश्यानं पिवळ्या रंगावर अंगठा घासून पाहिला. मग त्यानं विचारलं की हे पुसता येतं का. रविना म्हणाली की तीस दिवसांत हरकत द्यायची, जव्हारला सुनावणी होईल. चैती आतून भाकरी थापत होती. तिनं थापणं न थांबवता सांगितलं, "धुक्यालाच घेऊन जा सोबत. तुझा साक्षीदार आहे."

मसुद्यापाठोपाठ मंगेश आला. मंगेश शेजारच्याच पाड्यातला, ठाण्याला कामाला गेला, तिकडून काळा चष्मा आणि अर्धी हिंदी घेऊन आला. तो एकेका घरी वेगवेगळा जाऊन बसू लागला. पोश्याच्या ओट्यावरही बसला. जमीन विकायची नाहीच, त्यानं सांगितलं, नुसती तीस वर्षं भाड्यानं द्यायची. एक मोठी पार्टी आहे, तिला पठारावर तंबू लावायचे आहेत. उतारावर जिना आणि झोके. पडीक जागेला परवानगीही पटकन मिळते.

"तंबूत कोण राहणार?"

"मुंबईचे लोक, काका. आप टेन्शन मत लो."

"पक्की घरं सोडून कापडात झोपायला कोण येतं?" पोश्यानं विचारलं. "पोलीस मागं असलेला माणूस."

मंगेश हसला. पोश्या हसला नाही. मंगेश गेल्यावर त्यानं त्याची बसलेली जागा नीट पाहिली, काही ठेवून तर गेला नाही ना. पण पाड्यातल्या सहा घरांपैकी मधूच्या घरी मंगेशनं दोनदा चहा घेतला, हे त्याला कळलं होतं. मधू त्याचा चुलतभाऊ. मधूचं म्हणणं असं की कागदावर एकदा पडीक लागलं ना, की तो तुकडा जाणारच. एक तर भाड्यानं देऊन टाकावा, नाहीतर विसाव्यातल्या तुकड्यावर येत्या आषाढात नागली लावून टाकावी, म्हणजे कोणी पडीक म्हणायला नको. त्या तुकड्याचं विसाव्याचं दुसरंच वर्ष होतं. वेळेआधी उघडला तर पुढं दहा वर्षं त्यात काही धड येणार नाही, हे मधूलाही ठाऊक होतं. पण भीती ही गोष्ट मातीला विचारत नाही. खरं तर पोश्याच्या मनातही तेच घोळत होतं, फक्त मधू बोलला म्हणून त्याला त्यात काळंबेरं दिसू लागलं.

हरकत रविनानं लिहिली. सुनावणीला पोश्या धुवट सदरा घालून जव्हारला गेला. रविना बरोबर होती. मोठ्या टेबलामागं एक मॅडम बसल्या होत्या, बाजूला हेमंत सर, आणि पोश्याला पाहताच हेमंत सरांच्या कपाळाला घाम आला. मॅडमनी फाईल उघडली आणि पोश्याचा श्रावणातला जबाब मोठ्यानं वाचला. पाहण्यासारखे काहीही नाही. खाली सही. मग भाद्रपदातली हरकत वाचली. घारकड्याचा देखावा तालुक्यात एक नंबर आहे. खाली तीच सही.

"दोन महिन्यांत डोंगर नवे आले का?" मॅडमनी विचारलं.

खोलीत हशा पिकला. पोश्यानं मान खाली घातली नाही, पण डोळे बारीक करायला तो पहिल्यांदाच विसरला.

"डोंगर जुनेच आहेत, मॅडम. मी खोटं बोललो. धुकं उठायच्या आत सरांना काढून दिलं."

हेमंत सरांनी श्वास सोडला. मॅडम मात्र अजून त्याच्याकडेच पाहत होत्या. का खोटं बोललात, असं त्यांनी विचारलं. पोश्यानं सांगितलं की जीप पाहिली म्हणून. मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि एक प्रश्न केला. तेव्हा खोटं बोललात, तर आता खरं बोलता हे कशावरून? कोणीतरी तुम्हाला पाठवलं नाही कशावरून? शेजारच्या हॉटेलवाल्याला नवा शेजारी नको असेल, आणि त्यानं तुम्हाला शिकवून धाडलं असेल.

हा प्रश्न पोश्या जन्मभर दुसऱ्यांना विचारत आला होता. त्याचं उत्तर काय असतं, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. उलट मॅडमविषयी त्याला एकदम आदर वाटू लागला. बाई तयारीची होती.

"तुमच्या जागी असतो तर मीपण नसता ठेवला विश्वास," तो म्हणाला. "येऊन पाहा. वेळ तुमी सांगा. मी नाय सांगत."

ही शेवटची गोष्ट मॅडमना पटली असावी.

त्या न सांगता आल्या, आश्विन सरता सरता, दुपारी तीन वाजता. पोश्या कुडाला शेण लावत होता. तसाच लिंपलेल्या हातांनी तो त्यांना कड्यावर घेऊन गेला. मागून हेमंत सर, रविना, चैती आणि निम्मा पाडा. मंगेशही कुठून तरी उगवला होता आणि चष्मा डोक्यावर चढवून पुढं पुढं करत होता.

धुकं नव्हतं. उतारावर एका पट्ट्यात खुरासणी फुललेली, पिवळीजर्द. तिच्या बाजूला नागलीची कणसं तांबूस झालेली. त्यापुढं वरई कापून उघडा पडलेला पट्टा, आणि त्याच्याही पुढं विसाव्यातला तुकडा, कमरेइतक्या गवताचा, वाऱ्यासरशी एका बाजूला झुकणारा. या सगळ्याच्या खाली नदी. मॅडम चालता चालता थांबल्या. हेमंत सर तर पुढं झाले ते कड्याच्या टोकावरच जाऊन उभे राहिले आणि पुटपुटले की काका, तुम्ही मला एवढं सगळं दाखवलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या की झालं, हे हिरव्यात घ्यायचं. हेमंत सरांनी मोबाईल काढला. हे असंच्या असं राहायला हवं, मॅडम सांगत होत्या, पठार आणि उतार दोन्ही, इथं आता कोणी कशालाही हात लावायचा नाही. ना तंबू, ना नांगर, ना कुदळ.

मंगेशचा चष्मा खाली आला. पाड्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पोश्या मात्र नांगर आणि कुदळ या शब्दांपाशीच अडकला. पिवळ्यातून उतार तंबूवाल्याकडे जाणार होता, तो आता हिरव्यातून सरकारकडे निघाला होता. ज्या भीतीनं त्यानं श्रावणात धुकं दाखवलं, तीच भीती त्यानं स्वतः हात धरून कड्यावर आणून उभी केली होती. घडीभर त्याला वाटलं की हा सगळा बेत मॅडमचाच होता. मग त्यानं मॅडमच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं बेत दिसेना. बाईला खरंच वाटत होतं की हे पिवळं, तांबूस, हिरवं असं आपोआप उगवतं.

तो शेणानं माखलेला हात पुढं करून दाखवू लागला. ते पिवळं दिसतंय ते तिसऱ्या सालाचं. आमी पेरलं म्हणून पिवळं. ते लाल नागलीचं, पहिल्या सालाचं. गवत आहे तो तुकडा पडीक नाय, तो विसाव्याला आहे. दोन सालं झाली, एक राहिलं. मग तो उघडणार. खुरासणी काढली की ती जागा झोपणार. माझ्या बापानं असंच फिरवलं, त्याच्या बापानं असंच.

"हात लावला नाय, मॅडम, तर पाच सालात इथं नुसती घाणेरी माजेल," तो म्हणाला. "मग पाहायला या. मी तेव्हा खरंच लिहून देईन, पाहण्यासारखं काही नाय."

मॅडमनी त्याचा हात गेला तसे पट्टे एकेक करून पाहिले. मग त्यांनी हेमंत सरांना विचारलं की विसाव्याची जमीन आपल्या यादीत कशाखाली येते. हेमंत सर म्हणाले की पडीकखाली, दुसरा रकानाच नाही. त्यांचा आवाज जरा ओशाळलेला होता, कारण त्यांच्या बापाच्याही शेतात असाच एक तुकडा दर काही वर्षांनी झोपत असे, आणि हे त्यांना नकाशा रंगवताना आठवलं नव्हतं.

"मग रकाना काढा," मॅडम म्हणाल्या.

तिथंच, एका खडकावर कागद ठेवून, हेमंत सरांनी टिपण लिहिलं. पठारावर पक्कं वा तात्पुरतं कुठलंही पर्यटनाचं बांधकाम नाही. उतारावर सहा घरांची आळीपाळीची लागवड चालू राहील. विसाव्यातली वरकस जमीन पडीक धरू नये. पोश्यानं ते तीनदा वाचून घेतलं, एकदा हेमंत सरांकडून, एकदा मॅडमकडून आणि एकदा रविनाकडून, आणि तिघांनी एकच वाचलं का ते ताडून पाहिलं. मॅडम हसू दाबत होत्या. मंगेश तोवर दिसेनासा झाला होता.

टिपण म्हणजे आराखडा नव्हे. कार्तिक गेला, होळी गेली. दर आठवड्याला पोश्या रविनाला विचारी आणि दर आठवड्याला ती सांगे की अजून नाही. या उशिरानं मात्र त्याला थोडं बरं वाटलं, कारण आता हे खरोखरीचं सरकारी काम वाटू लागलं होतं. पण चैत्रात रोपांची जागा तयार करायला पालापाचोळा जाळून राब भाजतात, तो त्यानं नेहमीच्या दुप्पट भाजला. मृगात त्यात नागलीचं बीही दुप्पट टाकलं. चैतीनं विचारलं नाही. एवढी रोपं कुठल्या तुकड्यासाठी, ते तिला कळत होतं.

अंतिम आराखडा ज्येष्ठ संपता संपता लागला. घारकडा हिरव्यात होता. उतारापुढं हेमंत सरांचा नवा रकाना होता, आणि खडकावर लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी, फक्त थोडी जास्त अवघड केलेली. रविनानं वाचली, पाड्यानं ऐकली, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मधू म्हणाला की छापलेलं काय, उद्या बदलतात. तो आपल्या रोपांच्या पेंढ्या बांधायला निघून गेला.

आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली. ज्या तुकड्याचा विसावा संपून पाळी आली होती तो दोन दिवसांत जवळजवळ लावून झाला. तिसऱ्या दिवशी मधू पेंढी काखेत मारून विसाव्यातल्या तुकड्याच्या बांधावर जाऊन उभा राहिला. पाठोपाठ पोश्या आला. त्याच्याही डोक्यावर पेंढ्या आणि हातात कुदळ होती. उरलेली चार घरं बाजूला थांबली, कारण या दोघांनी गवतात पहिली कुदळ मारली असती की सगळ्यांनीच मारली असती. कागदावर पोश्याच विसंबला नाही, तर दुसऱ्यानं कशाला विसंबावं?

पोश्या बांधावर उकिडवा बसला. बराच वेळ त्यानं गवताकडे पाहिलं. मग नदीपलीकडच्या डोंगरांकडे, मग जव्हारच्या दिशेला, जणू तिकडून मॅडम बघत असाव्यात. एकदा तो उठला आणि कुदळ उचलली. मधूनंही उचलली. पोश्यानं ती परत खाली ठेवली.

"पुढच्या साली," तो म्हणाला. "पाळी पुढच्या सालाची आहे."

"आणि कागद बदलला तर?"

"तर तुझं खरं. मग माझ्या तोंडावर सांग."

मधूनं कुदळ खाली टेकवली. पोश्यानं आपल्या पेंढ्या सहा घरांतल्या गौराच्या बांधावर नेऊन टाकल्या, तिच्या वाट्याला रोपं कमी पडली होती, आणि तो घराकडे चालू लागला. थोड्या वेळानं मधूही निघाला.

घरी चैतीनं त्याला रिकाम्या डोक्यानं येताना पाहिलं. काय झालं ते तिनं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली, आणि मग जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंग तापलेलं नव्हतं.